पनवेलच्या शाळेतला शनिवारचा बाक

वाईच्या आमच्या मुलींच्या शाळेची मी मुख्याध्यापिका. गेल्या दिवाळीनंतर आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांनी पुण्यात कुठलंसं व्याख्यान ऐकलं आणि येताना ते नीतिशिक्षण घेऊनच आले. आठवड्याला एक तास, वर्षाला पन्नास गुण आणि प्रगतिपुस्तकात वेगळा रकाना. मिशनच्या शाळांतून मुलं कशी वळणाची निघतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी विचारलं, सचोटीत पन्नासपैकी सदतीस मिळालेल्या मुलीनं उरलेल्या तेराचं काय करायचं? समितीत कोणी हसलं नाही. ठरलं असं, की मी एखादी कॅथलिक शाळा चार-पाच दिवस स्वतः पाहावी आणि अहवाल द्यावा.

मी पनवेल सुचवलं. तिथं सिस्टरांची सातवीपर्यंतची मराठी शाळा आहे आणि शेतकऱ्यांची, मिठागरांवर राबणाऱ्यांची मुलं तिथं येतात, म्हणजे आपल्यासारखीच, हे कारण मी समितीला दिलं. दुसरं कारण इतिवृत्तात लिहिण्यासारखं नव्हतं. माझ्या वयाची पहिली अकरा वर्षं पनवेलला गेली. वडील मीठ खात्यात कारकून होते. त्यांची बदली झाली त्याला अडतीस वर्षं झाली, आणि त्यानंतर मी तिकडे एकदाही फिरकले नव्हते.

मंगळवार

पुण्याहून येणारी एसटी पनवेलला दहा मिनिटं थांबते. एवढ्या वेळात मी उतरले, एका म्हाताऱ्या बाईला तिची टोपली उतरवून दिली, फाट्यावरून दिसणारा कर्नाळ्याचा सुळका अजून जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि माझी ट्रंक गाडीच्या टपावरून मुंबईला निघून गेली. मुलींना सहलीला नेताना सामान मोजायला शिकवणारी मी. स्टँडवरच्या कारकुनानं उद्या-परवा परत येईल असं सांगितलं, आणि माझ्या तोंडाकडे पाहून, "बाई, सगळ्यांचं जातं," असंही वर सांगितलं.

शाळा गावाच्या कडेला आहे. कौलारू इमारत, पुढं लांब व्हरांडा, अंगणात पेरूची दोन झाडं, पलीकडे छोटं देऊळ. तिथले लोक त्याला चर्चच म्हणतात, मीही तेच म्हणते. मुख्याध्यापिका सिस्टर अगाथा माझ्याच वयाच्या, पन्नाशीला टेकलेल्या, मूळच्या वसईच्या. मी मनात थोडी इंग्रजीची तयारी करून गेले होते. त्यांनी दारातच, "पाय धुऊन घ्या, पाणी तापवलंय," असं म्हणून माझी तयारी वाया घालवली. माझी खोली म्हणजे एक लोखंडी खाट, एक माठ आणि भिंतीवर क्रूस. आमच्या वसतिगृहातल्या खोल्यांपेक्षा स्वच्छ होती, हे कबूल करते.

अंगावरच्या लुगड्याखेरीज जवळ काही उरलं नव्हतं, आणि सिस्टरांच्या कपाटात मला उपयोगी पडेल असं काही असणं शक्य नव्हतं. गावात माझ्या ओळखीचं एकच माणूस उरलं असण्याचा संभव होता. संध्याकाळी मी मोहल्ल्यात खातूनचं घर शोधायला निघाले.

वाट मुद्दाम बंदरावरून घेतली. माझ्या लहानपणी तिथं मचवे लागायचे, तांदळाची पोती चढायची आणि मिठाच्या राशी पेंढ्यानं शाकारून ठेवलेल्या असायच्या. वडील त्या राशींच्या मधून छत्री टेकत चालायचे आणि मी मागं. आता खाडी गाळानं भरत आली आहे. दोन होड्या चिखलात तिरक्या पडल्या होत्या. पण वास तोच, खारट आणि किंचित कुजका. अडतीस वर्षांत मी एकदाही त्याची आठवण काढली नव्हती, आणि नाकाला तो एका श्वासात ओळखू आला. गाड्यांची चाकं करणाऱ्या सुतारांची आळी मात्र जवळजवळ बंद दिसली. पूर्वी तिथून जाताना कानात बोटं घालावी लागायची. आता एक म्हातारा सुतार खुर्चीचा पाय तासत होता.

खातून माझी म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेतली मैत्रीण. नवऱ्याची तांदळाची वखार आहे. ती आता चांगलीच रुंद झाली आहे आणि दारातला उजेड अडवून उभी होती. मी नाव सांगण्याआधीच म्हणाली, "सुशे, अजून नावं लिहितेस का गं फळ्यावर?"

गुरुजी वर्गाबाहेर जाताना मला खडू देऊन जायचे आणि बोलणाऱ्या मुलींची नावं मी लिहायची, हे मी विसरले होते. तिनं सगळं आठवून दिलं. माझं नाव रोज असायचं, म्हणाली. एक दिवस तापानं घरी पडले होते, तरी तू लिहिलंस. आदत. मी तसं केलं असेन हे मला खरं वाटेना, पण ते माझ्यासारखं होतं एवढं खरं.

तिनं दोन लुगडी काढून दिली आणि गरम सांदणं नारळाच्या दुधाबरोबर खायला घातली. आमच्याकडे सांदण फणसाचं. हे साध्या तांदळाचं, पांढरंशुभ्र, जाळीदार. मला ते लहानपणीही याच घरात, याच ओट्यावर मिळायचं. घरी गेल्यावर आई काय खाल्लंस ते विचारायची नाही, आणि मी सांगायची नाही. सचोटीचे किती गुण कापायचे ते अध्यक्षांनी ठरवावं.

बुधवार

सकाळी नीतिपाठाचा तास. तो फादर डायस घेतात. ते गोव्याचे, शाळेचे व्यवस्थापक आणि चर्चचे धर्मगुरू, उंच, सावकाश बोलणारे. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो. इतर मुलांना, म्हणजे दहातल्या आठांना, गोष्टी सांगतात: सत्य, दया, आज्ञाधारकपणा. तास चांगला झाला. मुलांनी हाताच्या घड्या घातल्या, शेवटी तात्पर्य एकसुरात म्हटलं. आमच्या गुरुजींचा फळ्यावरचा सुविचारही आम्ही असाच एकसुरात म्हणत असू, आणि मग मधल्या सुट्टीत चिंचांवरून मारामारी करत असू.

तासानंतर फादरांनी मला आपलं मत सांगितलं. पाया म्हणजे देवाची भीती. ती नसेल तर नीती म्हणजे पोलिसाची भीती, आणि पोलीस सगळीकडे नसतो. मी म्हटलं, आमच्या शाळेत मी सगळीकडे असते. ते हसले आणि म्हणाले, मग तुमचं सिस्टर अगाथांशी पटणं कठीण आहे.

त्याचा अर्थ अकरा वाजता कळला. सातवीची गणिताची चाचणी होती. सिस्टरांनी फळ्यावर पाच उदाहरणं लिहिली, कागद वाटले, आणि मास्तरांना घेऊन वर्गाबाहेर आल्या. आत पहारा करायला कोणी नाही. या परीक्षेला त्या मोकळी परीक्षा म्हणतात आणि गेली चार वर्षं ती अशीच होते. मला त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "एक तास व्हरांड्याकडे येऊ नका, बाई. आम्ही कोणीच येत नाही. तसं मुलांना कबूल केलंय."

मी बरं म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. ऑफिसात बसून त्यांची हजेरीपुस्तकं चाळली. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. परीक्षा चालू आहे आणि मी खुर्चीत बसले आहे, असं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. माझे पाय उठले. दुसरा शब्द मला सापडत नाही. व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीच्या कडेशी मी उभी राहिले तेव्हा मला आधी बरंच वाटलं. वर्ग शांत होता. टाक कुरकुरत होते. दुसऱ्या रांगेत तांबड्या रिबिनीची एक मुलगी शेजारणीच्या कागदावर वाकून, बोटानं ओळ धरून, तिसरं उदाहरण उतरवून घेत होती.

मी सरळ सिस्टरांना शोधत गेले. त्या मागच्या पडवीत मुलांच्या जेवणाचे तांदूळ निवडत होत्या. दुसरी रांग, तांबडी रिबीन, मी सांगितलं. कामगिरी बजावल्यासारखं सांगितलं असणार. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं, बाई."

मग त्यांनी मला शनिवारच्या बाकाबद्दल सांगितलं. ऑफिसबाहेर एक लाकडी बाक आहे. शनिवारी सकाळी ज्याला काही कबूल करायचं असेल त्यानं तिथं येऊन बसायचं. सिस्टर एकेकाला आत बोलावतात. शिक्षा नाही. परीक्षेत पाहून लिहिलं असेल तर तो कागद फाडायचा आणि नवी उदाहरणं तिथंच बसून सोडवायची. वसईला त्यांच्या लहानपणी शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये कबुलीजबाबासाठी रांग लागायची. मोठी माणसं, मासेवाल्या, त्यांचे वडील, सगळे एका बाकावर आपली पाळी येईपर्यंत सरकत बसायचे. त्यांना धर्माइतकाच तो बाक लक्षात राहिला होता.

ती मुलगी म्हणजे हौसा, कोन गावची. आणि ही चाचणी साधी नव्हती. सातवीच्या चार मुलींना वसईकडच्या सिस्टरांच्या हायस्कुलात राहून शिकण्याची जागा मिळते. जागा गणितावर ठरतात. नावांची यादी शनिवारी दुपारच्या टपालानं जायची होती.

"मग तिला बोलावून विचारा," मी म्हटलं.

"नाही. शनिवारपर्यंत वाट बघायची, हे मी त्यांना कबूल केलंय."

"आणि आली नाही तर?"

"तर तिचं नाव यादीत जाईल. आणि मी ते जाणूनबुजून घातलं, हे मला जन्मभर माहीत राहील." त्यांनी पुन्हा सूप हातात घेतलं. "तिनं तुम्हाला पाहिलं का?"

मला सांगता येईना.

"पाहिलं असेल, तर शनिवारी आली तरी ती कशामुळे आली ते मला कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "तिलाही कळायचं नाही."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते.

जेवताना फादर डायस स्वतःच त्या बाकावर घसरले. सिस्टरांनी आमची शनिवारची कबुली चर्चमधून उचलून व्हरांड्यात मांडली, असं ते थट्टेनं म्हणाले, पण थट्टेत थोडी खंत होती. गेल्या तीन परीक्षांत पाहून लिहिलं म्हणून एकही मूल बाकावर आलं नव्हतं. "मुलं चांगली झाली की हुशार झाली, ते मला सांगा," ते म्हणाले. या वेळीही कोणी आलं नाही तर पुढच्या वर्षी वर्गात मास्तर उभा राहील, हे त्यांनी सिस्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. सिस्टर भातावर वरण वाढत राहिल्या. फादरांना सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं. मी लोणचं मागितलं.

शुक्रवार

गुरुवारचं सांगण्यासारखं एवढंच, की ट्रंक परत आली.

शुक्रवारी दुपारी सिस्टर मला कोनला घेऊन गेल्या. दरवर्षी पौषात एखाद्या मुलाच्या घरचे लोक त्यांना पोपटी खायला बोलावतात. यंदा बोलावणं हौसाच्या घरचं होतं आणि ते महिन्यापूर्वीच ठरलेलं होतं. मी डोकं दुखत असल्याचं सांगणार होते, पण सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या.

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी लिहिते. शेतातल्या कोवळ्या वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा एका मडक्यात भरतात. मडक्याला आतून आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला गच्च दाबतात. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. आमच्या साताऱ्याकडच्या हुरड्याची ही खाडीकडची बहीण, पण हुरडा कोरडा आणि गोड, ही ओलसर आणि उग्र वासाची. इतरांच्या मडक्यात अंडी होती. माझं मडकं निराळं होतं, त्यात शेंगांबरोबर रताळी. लहानपणी वडिलांच्या हाताखालचा एक शिपाई आम्हाला अशा पोपटीला न्यायचा. मडकं फोडताना डोळ्यांत जाणारा तो धूर, आणि सोलताना चटका बसणारी बोटं; मी चाळीस वर्षांनी लहान झाले, पाच मिनिटांपुरती.

शेंगा हौसाच वाढत होती. बारीक अंगाची, मोठ्या कपाळाची मुलगी. सिस्टरांना वाढलं, मला वाढलं, वर पाहिलं नाही. तिनं मला खिडकीत पाहिलं म्हणून वर पाहत नव्हती, की सगळ्याच मुली पाहुण्या मास्तरणीसमोर अशा असतात? मी हजारो मुली पाहिल्या आहेत आणि मला ते ठरवता येईना.

तिची आई मोकळी बाई. शेत दिराच्या नावावर, ती पनवेलच्या बाजारात शेंगा आणि भाजी विकते. मला म्हणाली, "बसा बाय, घर गरिबाचा हाय." मग सिस्टरांकडे वळून म्हणाली, "जागा गावली तं शिकंल. नाय तं तिचा काका सुकापूरची सोयरीक घेऊन बसलाय. फाल्गुनात लगीन. मी एकली किती थांबवू?"

हौसाला तेरावं लागलं होतं. सिस्टर म्हणाल्या, लिहिलंय तिनं, बघू. हौसा विझत आलेल्या जाळात काटकी सारत होती. मला वाटतं त्या वेळी तिथं बसलेल्या चौघींपैकी तिघींना एकच गोष्ट माहीत होती आणि तिघींनाही ती एकमेकींना माहीत असल्याचं ठाऊक नव्हतं, किंवा होतं.

परत येताना गाडीवाटेवर मी सिस्टरांना म्हटलं, एक उदाहरण उतरवलं म्हणून मुलीचं लग्न लागणार असेल, तर तुमचा बाक महाग आहे. त्यांनी वाटेवरचा एक काटा पायानं बाजूला सारला. मग म्हणाल्या, जिनं न पाहता लिहिलं आणि पाचवी आली, तिचाही कोणी काका असेल.

शनिवार

सकाळी दहाला मी बाकावर जाऊन बसले.

कोणाला धडा घालून द्यायला गेले नव्हते. माझ्या शाळेत एखाद्या शिक्षिकेनं दिलेला शब्द मोडला असता तर मी तिला ऑफिसात बोलावलं असतं. इथं ऑफिस माझं नव्हतं, आणि बाहेर बाक होता. इतकं सोपं होतं ते. बसल्यावर मात्र सोपं राहिलं नाही. तो बाक मुलांच्या उंचीचा आहे. माझे गुडघे हनुवटीशी आले. व्हरांड्यातून जाणारे मास्तर नमस्कार करायचं विसरले.

माझ्याआधी दुसरीतली दोन पोरं होती. एकानं पेरू पाडला होता आणि दुसऱ्यानं तो खाल्ला होता, आणि जास्त चूक कोणाची यावर त्यांची कुजबूज चालली होती. मला त्यांनी सरकून जागा दिली. त्यांची कबुली दोन मिनिटांत आटोपली. मग मी एकटी. साडेदहा झाले. फादर डायस चर्चकडून आले, मला पाहिलं, पायरीवर थबकले, आणि काही न विचारता परत फिरले.

अकराच्या सुमारास हौसा आली. व्हरांड्याच्या टोकाशी, बरोबर त्याच खिडकीपाशी, उभी राहिली. मला पाहून ती परत जाईल असं वाटलं. जवळ आली.

"बाय, तुमी इथं कशाला बसल्या?"

"बुधवारी तुमच्या परीक्षेच्या वेळी मी खिडकीतून आत पाहिलं," मी म्हटलं. "पाहणार नाही असं सिस्टरांना कबूल केलं होतं."

तिचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला कळलं की तिनं मला पाहिलं नव्हतं. आणि तेव्हाच माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. उजव्या मुठीत टाक होता आणि काखेत घरून दुमडून आणलेले दोन कोरे, रेघा मारलेले कागद.

तिनं विचारलं, "मंग शिष्टर तुमाला काय करतील?"

"माहीत नाही."

"काय नाय करत," ती म्हणाली. "परत लिवाला लावतात." आणि माझ्याशेजारी बसली.

सिस्टरांनी मला आधी आत बोलावलं. काय सांगायचंय, असं त्यांनी त्या दोन पोरांना विचारलं होतं त्याच सुरात विचारलं. मी सांगितलं. त्या चष्म्याच्या काचा पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं. मग परत करा."

म्हणजे असं, की हौसा रिकाम्या वर्गात एकटी बसून नवी पाच उदाहरणं सोडवेल, आणि तेवढा तास मी पडवीत व्हरांड्याकडे पाठ करून बसायचं. मी बसले. समोर भिंत, भिंतीवर पाल. हौसाच्या कागदांबद्दल मी सिस्टरांना तेवढ्यात सांगून टाकलं होतं. कोणाबद्दल चुगली करून मला इतकं बरं आयुष्यात वाटलं नव्हतं. तो तास मात्र मोठा होता. वर्गात काय चाललं असेल, तिसरं उदाहरण तिला येत असेल का, टाक मोडला तर, खिडकीतून कोणी सांगत असेल तर. पंचवीस वर्षांत मी किती मुलींना असा एक तास दिला, ते मोजून पाहिलं. एकीलाही नाही.

फादर डायस येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले. कोणी आलं एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी नाव विचारलं नाही. म्हणाले, "मी पंचवीस वर्षं कबुली ऐकतो, बाई. लोक येतात ते देवाला भिऊन, असं समजून चाललो होतो." पुढच्या वर्षी वर्गात मास्तर उभा राहील, हे मात्र बोलले नाहीत.

हौसाची तीन उदाहरणं बरोबर आली, चौथं अर्धं. सिस्टरांनी माझ्यासमोर गुण लावले. ती पाचवी आली. यादीत चार नावं गेली, टपालपेटीत सिस्टरांनी स्वतःच्या हातानं टाकली. मी तिथं उभी होते आणि मला त्यांचा राग आला होता, तो लपवलाही नाही. त्या म्हणाल्या, "चारच जागा आहेत, बाई." त्यांचे डोळे मात्र ओले होते. माझे नव्हते, कारण मी हिशेब करत होते.

आमच्या वसतिगृहात दक्षिणेकडच्या खोलीत खिडकीजवळची एक खाट दिवाळीपासून रिकामी होती. मला रिकामी खाट आवडत नाही.

दुपारी बाजारात जाऊन मी हौसाच्या आईला गाठलं. ती शेंगांच्या ढिगामागं बसली होती. वाई कुटं आली, असं तिनं विचारलं. मी पुण्याच्या पलीकडे म्हटल्यावर तिनं हातातली शेंग खाली ठेवली. वसई तिनं ऐकलेली होती, वाई नव्हती. इतक्या लांब पोर धाडायची ती कोणाच्या भरवशावर, हे तिनं विचारलं नाही, पण माझ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं. मी सांगितलं की मी कडक आहे, सुट्टीत पोर घरी पाठवीन आणि दर महिन्याला तिला पत्र लिहायला लावीन. शेवटी ती म्हणाली, "शिष्टर बोलल्या तं धाडीन." सिस्टर माझ्या मागंच उभ्या होत्या.

संध्याकाळी खातूनची लुगडी परत द्यायला गेले. तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि मग अचानक थांबून म्हणाली, "त्या दिवशी तापात होते ना मी, तू फळ्यावर नाव लिहिलंस ना, ते नंतर तूच पुसलंस. आपल्या वर्गातल्या सलमानं येऊन सांगितलं होतं मला." मला तेही आठवत नव्हतं. सांदणाचा डबा तिनं बरोबर बांधून दिला, आणि या वेळी ट्रंक मी पायाशी ठेवली.

समितीला मी दोन पानी अहवाल दिला. नीतिशिक्षणाचा तास ठेवायला हरकत नाही, गुण देऊ नयेत, असं लिहिलं. अध्यक्षांनी विचारलं, गुण नाहीत तर मुली सुधारल्या हे कळणार कसं? मी म्हटलं, पुष्कळदा कळणार नाही. त्यांना ते पटलं नाही, पण वसतिगृहाच्या दुरुस्तीचा विषय निघाला आणि ते राहून गेलं.

हौसा जूनमध्ये आली. भाकरी तिला ज्वारीची चालत नाही, कृष्णेचं पाणी गोडं म्हणून तिला बेचव लागतं, आणि आमच्या मुली तिच्या "आमी-तुमी"ला हसल्या तेव्हा तिनं त्यांना पोपटीचं वर्णन करून गप्प केलं. गणितात मधली आहे.

गेल्या महिन्यात आठवीची पहिली मोकळी परीक्षा आम्ही घेतली. मी माझ्या खोलीत खिडकीकडे पाठ करून तासभर बसले. ऑफिसबाहेर एक बाक ठेवला, मोठ्यांच्या उंचीचा. पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी साडेदहाला दार उघडलं तर बाकावर आमचे गणिताचे मास्तर, एकोणीस वर्षांच्या नोकरीचे, मांडीवर टोपी घेऊन बसलेले.

म्हणाले, "बाई, परीक्षेच्या दिवशी मी जिन्यावरून वाकून पाहिलं."

मी म्हटलं, "बरं. मग परत करा."